दाराखालची उजेडाची रेघ

मार्सेल प्रूस्तच्या 'हरवलेल्या काळाच्या शोधात' या सात खंडी कादंबरीतला चहात बुडवलेल्या मादलेनचा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो. ज्यांनी कादंबरी कधी उघडलेली नाही, त्यांनाही. पण त्याच्या बऱ्याच आधी, कादंबरी सुरू होऊन एखादं पान झालं असेल-नसेल, तिथं एक आजारी माणूस येतो. त्याला नाव नाही, आणि तो पुन्हा कुठं दिसतही नाही. अनोळखी गावातल्या हॉटेलात आजाराच्या झटक्यानं त्याला जाग येते. दाराखाली उजेडाची रेघ दिसते. चला, सकाळ झाली. आता नोकर उठतील, घंटा वाजवली की कुणीतरी मदतीला येईल. सुटका जवळ आली या आशेनंच त्याला दुखणं सोसायचं बळ येतं. पावलं वाजल्यासारखी वाटतात, जवळ येतात, लांब जातात. मग उजेडाची रेघ नाहीशी होते. मध्यरात्रच आहे. कुणीतरी आत्ताच गॅसचा दिवा मालवला, शेवटचा नोकरही गेला, आणि उरलेली सगळी रात्र तशीच काढायची आहे.

हा परिच्छेद वाचक सहसा ओलांडून जातात. निवेदक आगकाडी ओढून घड्याळ बघतो, त्यावरून त्याला हा माणूस सुचतो, एवढंच त्याचं कथनातलं निमित्त. गेली काही वर्षं मी या कादंबरीच्या सुरुवातीच्या पानांचा मराठी खर्डा करते आहे. मूळ फ्रेंच पुढ्यात आणि दोन इंग्रजी भाषांतरं बाजूला, अशी. आणि माझं मत असं झालंय, की स्मृतीची म्हणून ओळखली जाणारी ही कादंबरी सुरू होते ती रात्र हिरावून घेतलेल्या माणसाची म्हणून. ही पानं फुप्फुसाच्या जुनाट आजाराचं साहित्य म्हणून वाचली तर त्यांतलं बरंच काही, जे एरवी नाजूक, हळवं, थोडं लाडावलेलं वाटतं, ते काटेकोर वाटायला लागतं.

असं वाचायची आपल्याला सवय नाही, याचं एक कारण क्षय. फुप्फुसाच्या आजारावरचं साहित्य म्हटलं की क्षयच आठवतो. कीट्स 1821 साली रोममध्ये क्षयानं गेला. आपल्याकडे बंगालीतला सुकांत भट्टाचार्य 1947 साली, मल्याळममधला चंगम्पुळा 1948 साली. थॉमस मानच्या 1924 सालच्या 'द मॅजिक माउंटन'मध्ये दावोसच्या सॅनिटोरियममधले क्षयरोगी जगातल्या सगळ्या प्रश्नांवर वाद घालतात, प्रेमात पडतात आणि सात वर्षं कशी गेली ते कथानायकाला कळतही नाही. हिंदी सिनेमानं त्या आजारातून पांढऱ्या रुमालावरचा लाल डाग तेवढा उचलला. सुझन सॉन्टॅगनं 1978 साली आजाराच्या रूपकांवर लिहिलं, ते या रोमँटिक क्षयाची चांगली झाडाझडती घेणारं पुस्तक आहे. पण तिचंही लक्ष क्षय आणि कर्करोग या दोहोंवरच. क्षयाला कथानक असतं: ताप चढतो, गाल लाल होतात, रक्त पडतं, शेवट येतो. दम्याला, किंवा आता ज्याला सगळेच 'सीओपीडी' म्हणतात त्या आजाराला, कथानक नाही. काल रात्री काय झालं? परवा झालं तेच. वीस वर्षं, तीस वर्षं. लेखकानं याचं करायचं काय?

प्रूस्तनं काय केलं ते बघण्याआधी थोडी माहिती. त्याचा जन्म 1871 चा. दम्याचा पहिला मोठा झटका आला तेव्हा तो नऊ-दहा वर्षांचा होता. आई 1905 मध्ये गेली. 1906 च्या अखेरीस तो पॅरिसच्या बुल्व्हार ओस्मानवरच्या 102 क्रमांकाच्या घरात राहायला गेला, आणि 1910 मध्ये आवाज आत येऊ नये म्हणून त्यानं झोपायच्या खोलीच्या भिंतींना बुचाच्या लाकडाचे तक्ते लावून घेतले. दिवसा झोप, रात्री लेखन, तेही पलंगावर पडल्या पडल्या. खोलीत औषधी पूड जाळून धुरी घ्यायची. झोपेसाठी व्हेरोनाल, जागं राहण्यासाठी कॅफिन. बोलवत नसे तेव्हा तो घरकाम सांभाळणाऱ्या सेलेस्त आल्बारेला चिठ्ठ्या लिहून हवं-नको सांगे. 18 नोव्हेंबर 1922 रोजी तो गेला, एक्कावन्नाव्या वर्षी, फुप्फुसाच्याच विकारानं.

या माहितीचा एक तुकडा मला फार बोलका वाटतो. प्रूस्तचे वडील आद्रियँ प्रूस्त नामांकित डॉक्टर होते, साथरोगांचे तज्ज्ञ. एदुआर ब्रिसो या डॉक्टरनं दमेकऱ्यांच्या पथ्यपाण्यावर 1896 साली पुस्तक काढलं, त्याला प्रस्तावना यांची. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतः दुसऱ्या एका डॉक्टरबरोबर मज्जादौर्बल्याच्या, म्हणजे तेव्हाच्या भाषेत 'न्यूरॅस्थेनिया'च्या, रुग्णांसाठी तसंच पुस्तक लिहिलं. त्या काळी दमा हा मज्जातंतूंचा विकार समजला जाई. म्हणजे घरात दमेकरी मुलगा, आणि बाप ज्या विद्येचा अधिकारी ती विद्या सांगणार की हे सगळं मनाचं आहे. आई गेल्यावर प्रूस्त काही आठवडे मज्जाविकारांच्या एका डॉक्टरच्या रुग्णालयात राहूनही आला. दम्यात फरक पडला नाही.

पुढं डॉक्टरांनी हा समज सोडला. समीक्षकांनी मात्र तो जपून ठेवला. आईच्या रात्रीच्या पाप्यासाठी तळमळणारा मुलगा, मग दमा, मग बंद खोली, अशी माळ ओवणारे चरित्रात्मक लेख मी एम.ए.ला असताना ढिगानं वाचले. त्या सगळ्यांत कारणाचा बाण एकाच दिशेनं जातो: मनाकडून फुप्फुसाकडे. उलट्या दिशेची शक्यता कुणी गंभीरपणे घेत नाही. रोज रात्री श्वास पुरेल की नाही हे ज्याला ठाऊक नसतं, त्या मुलाला झोपायच्या वेळी आई जवळ हवी असणं यात गूढ असं काय आहे?

या उलट्या दिशेबद्दल मी थोडं घरच्या अनुभवावरून बोलते. माझ्या आईला सीओपीडी आहे. तिनं आयुष्यात कधी विडी-सिगारेट ओढली नाही. लहानपणापासून लग्नानंतरच्या कितीतरी वर्षांपर्यंत ती चुलीपुढं बसली, ओल्या जळणाला आणि गोवऱ्यांना फुंकणीनं फुंकर घालत. धुरामुळे हा आजार झालेल्या, कधीच धूम्रपान न केलेल्या बायकांची आपल्या देशातली संख्या मोठी आहे हे आता डॉक्टरही सांगतात. प्रूस्तचा दमा आणि आईचा सीओपीडी हे वेगवेगळे आजार आहेत, पण रात्र दोघांनाही सारखीच छळते. आडवं झालं की पोटाचा भार वर छातीच्या पडद्याकडे सरकतो. झोप लागली की श्वास उथळ होतो. स्वप्नं पडतात त्या झोपेत तर मान आणि बरगड्यांचे जे स्नायू दिवसभर श्वासाला हातभार लावत असतात तेच सैल पडतात आणि रक्तातला प्राणवायू उतरतो. दम्यात श्वासनलिका पहाटे चारच्या सुमाराला सगळ्यात अरुंद होतात. काही औषधंच झोप उडवतात, आणि झोपेची गोळी घ्यावी तर काही रुग्णांत ती श्वासाची प्रेरणाच मंद करू शकते. सकाळी डोकं जड, कारण रात्रभरात कार्बन डायऑक्साइड साठलेला.

आणि भीती. भ्यायलं की श्वास भराभर चालतो. भराभर चालला की उच्छ्वासाला वेळ पुरत नाही, जुनी हवा आत कोंडून राहते, नव्या हवेला जागा उरत नाही. मग आणखी भीती. आईला झोप येते, पण ती झोपत नाही. तीन उशांना टेकून बसून राहते. "झोपले आणि विसरले तर?" असं तिनं मला एकदा विचारलं. काय विसरलं तर, हे मला कळायला वेळ लागला: श्वास घ्यायला. आम्ही बडोद्यात राहतो, इथल्या एका डॉक्टरांनी तिला प्रेमानंच सांगितलं, "बा, टेन्शन नहीं लेवानुं." त्यांचा हेतू चांगला होता. पण 1896 पासून आपण फार पुढं आलेलो नाही असं मला तेव्हा वाटलं.

इथं आपल्या भाषेचीही एक अडचण आहे. व्हर्जिनिया वुल्फनं आजारपणावरच्या 1926 सालच्या निबंधात तक्रार केली होती की इंग्रजीत हॅम्लेटच्या विचारांसाठी शब्द आहेत, पण साध्या डोकेदुखीसाठी नाहीत. मराठीचं दुखणं नेमकं उलटं आहे. श्वासाच्या त्रासाला आपल्याकडे शब्दच शब्द: धाप, दम, घुसमट, गुदमर, कासावीस, उलघाल, जीव वर-खाली होणं, जीव टांगणीला लागणं. पण ते सगळे मनासाठी खर्ची पडलेत. फारसीतला श्वासवाचक 'दम' आपण दम देण्यात, दम काढण्यात, दमछाकीत, बेदम मारण्यात वापरून वापरून गुळगुळीत केला. आणि 'घुसमट'! मराठी समीक्षेत या शब्दाची जी चलती आहे तिला तोड नाही. मध्यमवर्गीय स्त्रीची घुसमट, संवेदनशील तरुणाची घुसमट, महानगरी घुसमट. कथासंग्रहाचं मलपृष्ठ या शब्दावाचून छापलंच जात नसावं. परिणाम असा की आई जेव्हा म्हणते "घुसमटतंय गं", तेव्हा ऐकणाऱ्याला प्रथम तिच्या मनःस्थितीची काळजी वाटते. तिनं छातीबद्दल बोललेलं असतं. रुग्णाच्या तोंडून शब्द बाहेर पडायच्या आधीच तो रूपक झालेला असतो.

संस्कृतात ही सरमिसळ निराळ्या तऱ्हेनं झालीय, आणि ती मला अधिक प्रामाणिक वाटते. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार आहेत. त्यांतला आपल्या दम्याशी जुळणारा तो तमकश्वास. त्याचं वर्णन वाचताना एखाद्या वैद्यानं रात्रभर रुग्णाच्या उशाशी बसून लिहिल्यासारखं वाटतं: आडवं पडलं की श्वास अडतो म्हणून झोप नाही, बसलं की बरं वाटतं, कपाळाला घाम, वर लागलेले डोळे, उन्हाची नि गरम पदार्थांची ओढ, ढग दाटले, पाऊस पडला, पूर्वेचा वारा सुटला की त्रास वाढतो. आणि नाव तमक. अंधारात शिरल्यासारखं वाटणं, ग्लानी येणं, हे त्या शब्दातच आहे. शरीराचा आजार आणि मनावरचा काळोख यांत आधी कोण, असा प्रश्न तो शब्द विचारत नाही.

आता पुन्हा कादंबरीकडे. सुरुवातीच्या पानांत निवेदक मध्यरात्री जागा होतो आणि काही क्षण त्याला आपण कुठं आहोत, इतकंच काय पण कोण आहोत, तेही कळत नाही. मग अंगाच्या आठवणीतून, कुशीच्या नि खांद्याच्या आठवणीतून, त्यानं आयुष्यात जिथं जिथं रात्री काढल्या त्या खोल्या एकामागून एक अंधारात फिरू लागतात. याचं वैद्यकीय निदान करायचा मोह मी टाळते. रक्तातला प्राणवायू कमी झाल्यानं येणारा गोंधळ म्हणजेच प्रूस्तची स्मृती, असं म्हणणं हा मघाच्या चरित्रकारांसारखाच अडाणीपणा होईल. पण एक गोष्ट खरी. ज्याला रात्री झोप लागते त्याला खोली दिसत नाही. खोली दिसते ती जागणाऱ्याला, आणि दमेकरी तर खोलीला हुंगूनही बघतो: हवा कोंदट आहे का, पडद्यात धूळ आहे का, छत किती उंच आहे, खिडकी कुठं आहे. प्रूस्तच्या खोल्यांची यादी ही अशा माणसाची यादी आहे.

त्यातल्या एका खोलीनं मला महिनाभर अडकवलं. ती पिरॅमिडसारखी उंच होत गेलेली, जांभळे पडदे अंगावर येणारे, घड्याळ मोठ्यानं बडबडणारं. आणि तिथल्या ज्या अनोळखी वासानं निवेदकाला विषबाधा झाल्यासारखं होतं, तो वास आहे 'व्हेतिव्हेर'चा. म्हणजे वाळा. शब्द मुळात तमिळ, 'वेट्टिवेर'. फ्रेंचांनी तो इथूनच नेला. मराठीत तो परत आणताना काय करायचं? आपल्या वाचकाला वाळा म्हटलं की माठातलं पाणी, ओले पडदे, उन्हाळ्याच्या सुट्टीतली दुपार आठवणार. जगातला सगळ्यात निरुपद्रवी, थंडावा देणारा वास. फ्रेंच शब्द तसाच ठेवला तर अत्तराच्या बाटलीवरचं नाव वाटतं आणि परकेपणाचा दंश जातो. मी शेवटी 'वाळा'च लिहिलं. जो वास दुसऱ्याला गारवा देतो तोच आपली छाती आवळतो, हे दम्याच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे फोडणी, उदबत्ती आणि दिवाळी यांच्याशी आईची तीच अडचण आहे.

थोडं विषयांतर, पण तेही इथूनच निघतं. प्रूस्त जी पूड जाळत असे त्या जातीच्या औषधांत धोतऱ्याच्या कुळातल्या वनस्पती असत. दम्यावर धोतऱ्याचा धूर घ्यायची आपल्याकडची रीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासहून ब्रिटनमध्ये पोचली आणि तिथून युरोपभर पसरली. धोतरा जास्त झाला की भ्रम होतो हे आपल्याकडे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. आज आई जे इनहेलर घेते, त्यातलं एक औषध धोतऱ्यात सापडणाऱ्या ॲट्रोपिनच्याच घराण्यातलं आहे. फरक इतकाच की ते मेंदूपर्यंत फारसं पोचू नये असं बनवलेलं. मद्रास, पॅरिस, बडोदा असा हा तौलनिक साहित्याचा धडा मला अभ्यासक्रमात कुणी शिकवला नव्हता.

खोल्यांची ती यादी एकाच वाक्यात येते आणि ते वाक्य पानभराहून लांब चालतं. प्रूस्तचं लांबलचक वाक्य हा त्याच्यावरच्या लेखनातला चघळून चोथा झालेला विषय आहे, पण अनुवादकाला तो टाळता येत नाही. वॉल्टर बेन्यामिननं 1929 सालच्या निबंधात म्हटलं, की प्रूस्तची वाक्यरचना गुदमरण्याच्या भीतीची लय पकडते. हे निरीक्षण इतक्यांदा उद्धृत झालंय की ते सिद्ध झाल्यासारखंच वाटतं. मला ते अर्धवट पटतं. दम लागलेला माणूस लांब वाक्य बोलत नाही. तो तीन शब्द बोलतो, थांबतो, पुन्हा तीन. दम्याचा झटका किती गंभीर आहे हे ठरवताना रुग्णाला एका दमात वाक्य पुरं करता येतं का, हेही डॉक्टर बघतात. गुदमरण्याची लय वाक्यात पाहायची असेल तर एलिझाबेथ बिशपकडे जावं. तिला लहानपणापासून दमा होता, आणि 'ओ ब्रेथ' या छोट्या कवितेत तिनं प्रत्येक ओळ मधोमध फाडून ठेवलीय; पांढरी पोकळी ओलांडल्याशिवाय कुठलीच ओळ पुरी होत नाही. ती कविता मोठ्यानं वाचणारा निरोगी माणूसही अडखळतो.

प्रूस्तचं वाक्य याच्या उलट आहे. ते अडखळत नाही. स्वल्पविरामाशी टेकतं, पण सोडत नाही. एक उपवाक्य उघडतं, त्यात दुसरं, आणि शेवटी सगळे दरवाजे नीट लावून बाहेर पडतं. दम्यात खरी अडचण हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्यात असते, सावकाश, शेवटपर्यंत. ते वाक्य म्हणजे छातीला न जमणारा तो उच्छ्वास आहे. बेन्यामिनला त्यात भीती ऐकू आली. मला त्यात तोंडानं जे बोलता येत नाही ते हातानं पुरं करणारा माणूस दिसतो.

हा फरक केवळ मताचा असता तर मी इतकी जागा खाल्ली नसती. अनुवादात त्यानं निर्णय बदलतो. माझ्या खर्ड्याचा काही भाग वाचलेल्या एका संपादकांनी सुचवलं, की मराठीत क्रियापद शेवटी येतं, वाचक ताटकळतो, तेव्हा वाक्यं तोडा. व्याकरणाच्या दृष्टीनं त्यांचं बरोबर आहे. फ्रेंच वाचकाच्या हाती क्रियापद लवकर येतं, मराठी वाचकाला मुक्काम येईपर्यंत श्वास धरावा लागतो. मी तोडून पाहिलं. पानभराच्या वाक्याची चौदा वाक्यं झाली. सगळी सुबोध होती, आणि सगळं पान धापा टाकत होतं. बेन्यामिनचं म्हणणं त्या खर्ड्याला अगदी लागू पडलं असतं.

मग 'त्या खोल्या' असा उंबरठा आधी घालून पुढं 'जिथं... जिथं... जिथं' अशी मांडणी केली. पोथी सांगणारा जसा पदापदाशी टेकतो आणि तरी सूत्र सोडत नाही, तसं. जात्यावर बसून ओवी म्हणणारीही श्वास घेते ती जात्याच्या फेऱ्याशी जुळवून, शब्दांच्या मध्ये नाही. आपल्या भाषेला लांब श्वास परका नाही. छापील गद्यानं तो गेल्या शतकात गमावला असेल. हा खर्डा मी आईला वाचून दाखवला. तिला प्रूस्तशी देणंघेणं नाही. वाक्य संपल्यावर ती म्हणाली, "बाई गं, तुला कुठं थांबावं लागलं नाही." ती अर्थातच माझ्या छातीबद्दल बोलत होती.

आरंभीच्या त्या आजारी माणसाचा परिच्छेद मात्र लांब वाक्यात नाही. तिथं वाक्यं एकदम आखूड होतात: सकाळ झाली, पावलं, उजेड गेला, मध्यरात्र. शैलीच्या अंगानं पाहिलं तर प्रूस्त इथं श्वास लागल्यासारखा लिहितो, आणि अशा जागा त्याच्याकडे थोड्या आहेत म्हणून ती ठळक वाटते. झटक्याला मूळ शब्द आहे 'क्रीझ'. मराठीत 'अटॅक' म्हटलं की हृदय, 'उबळ' म्हटलं की खोकला. आजाराचं नाव मूळात नाही, म्हणून मीही 'झटका'च ठेवला. परिच्छेदाच्या शेवटी तो माणूस रात्रभर सोसणार आहे, इलाजाशिवाय. हे मराठी करताना मला 'नाइलाजानं' हा शब्द अचानक पुन्हा दिसला. आपण तो लग्नाच्या आमंत्रणाला नाइलाजानं जावं लागलं, अशा कामाला वापरतो. त्यात इलाज नाही ही साधी गोष्ट आहे हे विसरूनच गेलो आहोत. 'रात्रभर नाइलाजानं सोसत राहायचं', असं लिहिलं. वाचणाऱ्याला तो शब्द नुसता मामुली वाटेल की त्यातला इलाज दिसेल, याची खात्री नाही. दिसावा म्हणून आधीच्या ओळीत डॉक्टर घुसवायची माझी तयारी नाही.

हा धागा पुढच्या खंडांतही सुटत नाही. बाल्बेकला निघताना श्वास कोंडू नये म्हणून डॉक्टर निवेदकाला मद्य घ्यायला सांगतात आणि आजीचा चेहरा पडतो. तिथल्या हॉटेलात परक्या खोलीनं तो हवालदिल होतो, तेव्हा आजी सांगते की रात्री काही लागलं तर भिंतीवर तीन टकटक कर. इतक्या साध्या सोयीवर प्रूस्त केवढी पानं खर्च करतो! दाराखालच्या उजेडाला फसलेल्या माणसाला जे मिळालं नाही ते इथं भिंतीपलीकडे आहे, हे लक्षात घेतलं तर ती पानं जास्त वाटत नाहीत. पुढं बेर्गोत हा लेखक अनिद्रेनं पछाडतो, रात्री भयाण स्वप्नं, मग एकामागून एक निरनिराळी झोपेची औषधं. प्रत्येक नवं औषध घेताना अनोळखी प्रदेशात पाऊल टाकल्याची उत्सुकता. फर्मीरच्या चित्रापुढं त्याला आलेला मृत्यू सगळ्यांना माहीत असतो, त्याआधीचं हे औषधांचं पान कमी जणांना. व्हेरोनालशी ज्याची घसट होती त्यानंच ते लिहिलं असणार, कारण त्यात उपदेश नाही.

एका पानाशी मात्र माझं जमत नाही. 'गेर्मांत'च्या खंडात आजी मरणाला टेकते. तिचा आजार फुप्फुसाचा नाही, पण प्रूस्तनं तिला आपला श्वास देऊन टाकलाय. प्राणवायू आणि मॉर्फिन चालू होतं, आणि इतका वेळ कण्हत, खेचत चाललेला श्वास एकाएकी हलका होतो, वेग घेतो, बर्फावरून घसरणाऱ्यासारखा निघतो, आणि त्याचं गाणं होतं. समीक्षकांनी या पानाची वाखाणणी केली आहे आणि भाषेच्या अंगानं ती रास्तच आहे. त्या वाक्याचा चढ-उतार फ्रेंचमध्ये अक्षरशः ऐकू येतो. पण आयुष्यभर ज्याला एकदाही असा श्वास मिळाला नाही, त्यानं तो मरणाऱ्या बाईच्या तोंडी घालावा, आणि तिला शुद्ध नसताना? दाराखालच्या रेघेच्या पानावर प्रूस्त स्वतःला काहीच सुंदर करू देत नाही. इथं देतो. आमच्या घरी ऑक्सिजनचं यंत्र रोज पंधरा-सोळा तास चालू असतं. त्याचा आवाज जुन्या फ्रिजसारखा आहे. त्याचं गाणं होत नाही. कुणी म्हणेल, अनुवादकानं घरचं यंत्र मजकुरात आणू नये. असेल. त्या पानाची पहिली चार वाक्यं मराठीत झाली आहेत. श्वास हलका होतो त्या जागेपासून पुढचं अजून केलेलं नाही.